दुसरी वेलांटी

होमलोनच्या अर्जाचं काय झालं हे विचारायला गेले तेव्हा टेबलापलीकडच्या मुलीने आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, तुम्ही कुणाला जामीन राहिलाय का?" मी ठामपणे नाही म्हटलं. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. क्रेडिट रिपोर्टवर माझा स्कोअर ९०० पैकी ५६२ होता आणि खाली एका सहकारी बँकेचं व्यवसाय कर्ज, दीड वर्षापासून थकलेलं. त्या खात्यात माझी भूमिका: जामीनदार. कर्जदाराचं नाव त्या रिपोर्टात नव्हतं. मला ते लागलंही नाही.

बाबा लोकांची कर्जप्रकरणं करून द्यायचे. "फाइल बसवणं" हा त्यांचा शब्द. ज्याच्याकडे पगारपत्रक नाही त्याला पगारपत्रक, ज्याच्याकडे दुकान नाही त्याला दुकानाचा परवाना. घरात एका पत्र्याच्या डब्यात पंधरावीस रबरी शिक्के असायचे आणि मी लहानपणी त्यांच्याशी खेळायचे. माझ्या चित्रकलेच्या वहीत डोंगर, सूर्य, झोपडी आणि खाली जांभळ्या शाईत 'सत्यप्रत' असा शिक्का आहे. ती वही अजून आहे माझ्याकडे. आमच्या दाराची बेल कधी वाजत नसे, कारण तिची वायर बाबांनीच काढून ठेवली होती. नातेवाइकांना दोनदा थांबून थांबून टकटक करायला सांगितलेलं होतं. सलग जोरात थापा पडल्या की तो पैसे मागायला आलेला, मग आम्ही तिघं श्वास रोखून बसायचो आणि बाबा मला डोळा मारायचे. मला तो लपाछपीचा खेळ वाटायचा. आईला काय वाटायचं हे मी फार उशिरा विचारलं.

हे सगळं माहीत असूनही मला त्या दिवशी धक्का बसला, हे सांगायला लाज वाटते. इतरांच्या फाइली बसवणारा माणूस आपली फाइल बसवणार नाही, असं मी धरून चालले होते. का, ते माहीत नाही. मुलगी म्हणून असेल.

पहिला मार्ग मी सरळ निवडला. ते खातं माझं नाही अशी तक्रार क्रेडिट कंपनीकडे ऑनलाइन नोंदवली. तिथे एक गोष्ट कळली, जी कुणीतरी आधी सांगायला हवी होती: या कंपन्या आपल्या मनाने काही खोडत नाहीत. ज्या बँकेने नोंद पाठवली तिलाच विचारतात, आणि बँक 'बरोबर आहे' म्हणाली की विषय संपतो. तीस दिवसांच्या आत मला तेच उत्तर आलं. मग मी त्या सहकारी बँकेत जाऊन हमीपत्राची झेरॉक्स मागितली. चार फेऱ्यांनंतर मिळाली.

सही माझीच होती. म्हणजे माझ्यापेक्षा बरी होती. मी घाईत 'जा'चा काना अर्धवट सोडते. यात तो नीट खाली आलेला होता. मी बँकेच्या जिन्यात उभी राहून ती झेरॉक्स बघत होते आणि मला एकदम सातवीची संध्याकाळ आठवली.

सातवीत गणितात नापास झाले होते आणि प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मीच केली होती. बाबांनी दप्तरात ते पाहिलं. ओरडले नाहीत. चष्मा लावून सही निरखली आणि म्हणाले, "ठमाबाई, ही सही काढलीयस तू. सही काढायची नसते, करायची असते." मग वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्यांनी मला त्यांची सही शिकवली. अक्षरं बघायची नाहीत, हाताची चाल बघायची. श्वास सोडताना करायची. मध्ये थांबलीस तर मेलीस. तासाभराने माझी सही त्यांना पसंत पडली, तेव्हा त्यांनी कागद फाडून टाकला आणि म्हणाले, "आता हे विसर. आणि आईला सांगू नकोस." खोटं वाटेल, पण लहानपणीच्या सगळ्यात सुखाच्या संध्याकाळी मोजायला बसले तर ती त्यात येते. अजूनही.

बाबांचं अक्षर फार देखणं होतं. लोक अर्ज लिहून घ्यायला यायचे. मला त्यांनीच लिहायला शिकवलं, दुरेघीवर, आणि शिरोरेषा उजवीकडून डावीकडे द्यायला शिकवलं. शब्द संपला की हात उजवीकडे पोचलेलाच असतो, तो रिकामा कशाला परत आणायचा, असं त्यांचं म्हणणं. मी आजही तशीच देते. हे पुढे कोर्टात निघणार होतं.

त्या संध्याकाळी मी फोन केला. त्यांनी नाही म्हटलं नाही, हे त्यांचं वैशिष्ट्य. पकडले गेले की ते लगेच कबूल करत आणि लगेच पुढच्या वाक्यावर जात. "अगं, दोन महिन्यांत भरून टाकणार होतो. तुला कळलंही नसतं." मी विचारलं, "मला विचारलं का नाहीत?" ते म्हणाले, "तू नाही म्हणाली असतीस." या तर्काला आजही माझ्याकडे उत्तर नाही.

वकीलबाईंनी मला सगळं दोन वाक्यांत सांगितलं. १८७२ च्या करार कायद्यातल्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, तेव्हा सही तुझी असेल तर पैसे भर. सही तुझी नसेल तर ती कुणाची हे पोलिसांत जाऊन सांग. मी तिसरा मार्ग विचारला. त्या म्हणाल्या, तिसरा मार्ग असा की काहीच करायचं नाही, आणि मग बँक पहिला मार्ग तुमच्यासाठी निवडते.

मी पाच महिने तिसऱ्या मार्गावर होते. मग वसुलीचे लोक ऑफिसात आले.

पोलीस ठाण्यात सुरुवातीला "घरातलं घरात मिटवा" असं झालं. वकीलबाईंनी लेखी अर्ज दिला, चौकशी झाली, आणि शेवटी गुन्हा दाखल झाला: तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची कलमं ४२०, ४६८, ४७१. फसवणूक, फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज, आणि तो खरा म्हणून वापरणं. फिर्यादी मी. आरोपीचं नाव आणि माझं मधलं नाव एकच, त्यामुळे ठाणे अंमलदारांनी लिहिताना दोनदा वर पाहिलं. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. तो कागद मी घरी नेला आणि कपाटात कुठे ठेवावा हे कळेना. आईच्या साड्यांखाली ठेवता येत नव्हता.

नंतर नमुना सह्या. दोन पंचांसमोर कोऱ्या कागदांवर सही करत राहायचं. पाच कागदांनंतर माझी सही मला ओळखीची वाटेना. दहाव्या कागदावर मी अक्षरशः ती काढायला लागले, थांबत थांबत, आणि मनात म्हटलं, मेलीस. तपासी अंमलदार म्हणाले, असं सगळ्यांचंच होतं, म्हणूनच वादाच्या आधीच्या सह्याही लागतात, ज्या कुणाला दाखवायला केलेल्या नसतात. मी परीक्षेचे फॉर्म, ऑफिसचं जुनं हजेरीपत्रक, पासबुकाचा अर्ज असं जमवून दिलं. पुरवणी जबाब झाल्यावर सवयीने पेन उचललं तर शिपाई म्हणाले, "यावर सही नसते, मॅडम." पोलिसांपुढच्या त्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही असा कायदाच आहे. इतक्या दिवसांत हायसं वाटलेलं ते एकच वाक्य.

बाबांना अटक झाली, एकोणीस दिवसांनी जामीन झाला. त्या एकोणीस दिवसांबद्दल फार लिहिणार नाही. एकदा भेटायला गेले. ते जाळीपलीकडून म्हणाले, "इथे सगळे माझ्याकडून अर्ज लिहून घेतात." अभिमानाने म्हणाले.

सुटून आल्यावर आत्याचे फोन सुरू झाले. "बाप आहे तो. केस मागे घे." लोकांना वाटतं केस म्हणजे वाळत घातलेला कपडा, पाऊस आला की आत घ्यायचा. ४२० मध्ये फसवला गेलेला माणूस कोर्टाच्या परवानगीने तडजोड करू शकत होता. ४६८ आणि ४७१ मध्ये ती सोय नव्हती. त्यासाठी उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो, आणि तिथे फिर्यादीचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागतं. हे मी आत्याला समजावलं, आणि खरं सांगायचं तर समजावता समजावता माझं मन वळलं. आई रोज रात्री त्यांचे पाय चेपत होती आणि माझ्याशी बोलत नव्हती. म्हटलं, देऊन टाकू. कर्जाचं बघता येईल.

बाबा स्वतः प्रतिज्ञापत्राचा मसुदा घेऊन आले. येताना माझ्या आवडीचं निळ्या शाईचं पेनही आणलं. मसुदा दोन पानांचा होता, टाईप केलेला, पण भाषा त्यांची. मी वाचायला घेतला तर म्हणाले, "वाचतेस काय, नेहमीचंच आहे." म्हणून वाचला. पाचव्या परिच्छेदात लिहिलं होतं: 'सदर हमीपत्रावरील सही मी स्वखुशीने केलेली असून गैरसमजातून फिर्याद दिली गेली.'

म्हणजे ते सुटणार होते, कर्ज माझ्या गळ्यात राहणार होतं, आणि खोटी फिर्याद दिल्याचं मीच लिहून देणार होते. मी पाचव्या परिच्छेदावर बोट ठेवलं. त्यांनी वाकून पाहिलं, जणू पहिल्यांदाच बघतायत, आणि म्हणाले, "असं होय? टायपिस्टने घातलं असेल." मग हसले. मी हसले नाही. पेन मात्र त्यांनी परत नेलं नाही, तेच पेन पुढे दोन वर्षं वापरलं मी.

त्या दिवसाआधी माझ्या मनात एक वेगळा बाप होता, जो इतरांना फसवतो आणि मला डोळा मारतो. पाचव्या परिच्छेदाने तो गेला. आत्याला वाटतं मी पैशासाठी अडून बसले. बसू दे तिला तसं वाटत.

खटला उभा राहायला तीन वर्षं गेली. दरम्यान हस्ताक्षर तज्ज्ञांचा अहवाल आला: सहीबाबत निश्चित मत देता येत नाही. वकीलबाई वैतागल्या. नकली सहीत साधारणपणे हात थबकतो, पेन उचललं जातं, दाब सगळीकडे सारखा पडतो. यात तसलं काही सापडलं नाही. काढलेली नव्हतीच ती. केलेली होती. माझ्या मनात त्या क्षणी जे आलं ते नीट नाव देण्यासारखं नाही, पण त्यात थोडं कौतुक होतं, ते लपवत नाही.

तज्ज्ञ ठाम नसल्यामुळे सगळा भार माझ्यावर आला. तेव्हाच्या पुरावा कायद्यात कलम ४७ होतं: एखाद्याच्या हस्ताक्षराशी जो परिचित आहे, त्याचं मत कोर्ट ऐकतं. ज्याने त्याला लिहिताना पाहिलंय, ज्याला त्याची पत्रं यायची, असा माणूस. म्हणजे जवळचा माणूस. जितका जवळचा तितका उपयोगाचा. त्याच कायद्यात नवरा-बायकोत झालेल्या बोलण्यावर कलम १२२ ने पडदा टाकला होता. आईला कुणी "तो तुम्हाला काय म्हणाला" असं सहसा वदवून घेऊ शकत नाही. बाप-लेकीच्या बोलण्याला असला पडदा नाही. मी हे वकीलबाईंना विचारून खात्री करून घेतली, कारण मला तो हवा होता.

तारखांना आम्ही एकाच बाकावर बसायचो. फिर्यादी आणि आरोपी. दुसरं बाक नव्हतं. बाबांना कुठला पंखा चालतो, कुठलं न्यायालय जेवणाच्या सुट्टीआधी पुकारा करतं, सगळं ठाऊक. "इकडे सरक, ऊन येईल तिथे." सरकारी वकिलांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही फितूर तर होणार नाही ना? मी म्हटलं, नाही. बाबांनी लांबून विचारलं, काय म्हणत होते? मी म्हटलं, काही नाही. दोन्हीकडे खोटं बोलल्यासारखं वाटलं.

२०२३ च्या पावसाळ्यात माझी साक्ष झाली. सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांत, हमीपत्र दाखवलं. कोर्टाच्या कागदांत त्याचा नंबर निशाणी २७. मूळ कागद मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. झेरॉक्समध्ये न दिसलेलं त्यात दिसलं. सहीच्या वर, जामीनदाराचं नाव, वय, पत्ता हाताने भरलेलं होतं आणि शिरोरेषा उजवीकडे जाड, डावीकडे विरत गेलेली. मी म्हटलं, हा मजकूर आरोपीच्या हातचा आहे. 'आरोपी' म्हणायला वकीलबाईंनी शिकवलं होतं. तरी एकदा "बाबांच्या" असं निघून गेलंच, आणि न्यायाधीशांनी टंकलेखकाला 'आरोपीच्या' असं सांगितलं.

मग उलटतपास. बचावाचे वकील तरुण होते, नम्र होते. त्यांनी मला एक कोरा कागद देऊन माझं नाव लिहायला सांगितलं. मी लिहिलं. शिरोरेषा दिली.

"तुम्हीसुद्धा शिरोरेषा उजवीकडून देता?"

"हो."

"मग निशाणी २७ वरचा मजकूर तुमच्याच हातचा आहे."

"नाही."

"तुम्ही आयुष्यात कधी दुसऱ्याची सही केली आहे?"

मला कळायला दोनतीन सेकंद लागले. ती संध्याकाळ फक्त दोन माणसांना माहीत होती. आईला सांगू नकोस म्हणाले होते, मी वीस वर्षं सांगितलं नव्हतं. मी आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. बाबा खाली चपलांकडे बघत होते. त्यांनी ते विकलं होतं, आणि फुकटात, कारण त्याचा फारसा उपयोगही होणार नव्हता.

"हो," मी म्हटलं. "सातवीत. प्रगतिपुस्तकावर. आरोपीची."

नोंद झाली: 'हे म्हणणे खरे आहे की, मी यापूर्वी आरोपीची सही केलेली आहे.' कोर्टाची भाषा अशी असते की त्यात वर्तमानपत्राची कड येत नाही, चष्मा येत नाही.

वकील बसायला लागले तेव्हा मी पुन्हा निशाणी २७ कडे पाहत होते आणि तेव्हा मला ते दिसलं. खरं तर सुरुवातीलाच दिसायला हवं होतं, पण मी सगळा वेळ रेघा बघत होते, अक्षरं बघतच नव्हते. मी विचारलं, मी काही सांगू का? सरकारी वकिलांनी फेरतपासाची, म्हणजे मला पुन्हा प्रश्न विचारायची, परवानगी घेतली.

माझं नाव गिरिजा. दोन्ही वेलांट्या पहिल्या. शाळेच्या दाखल्यापासून आधारपर्यंत सगळीकडे तसंच. पण बाबांनी माझं नाव ठेवलं तेव्हा ते 'गिरीजा' होतं, 'री' दुसरी. दाखल्याच्या वेळी बाईंनी व्याकरण दाखवून ती पहिली केली, याचा बाबांना इतका राग आला की त्यांनी ते कधीच मान्य केलं नाही. वाढदिवसाच्या प्रत्येक चिठ्ठीवर, मला हॉस्टेलवर आलेल्या प्रत्येक पत्रावर गिरीजा. "बोलून बघ, री लांबच येते," म्हणायचे. जगात माझं नाव असं लिहिणारा एकच माणूस आहे. निशाणी २७ वर सहीत पहिली वेलांटी होती, कारण तिथे ते माझा हात करत होते. वर नावाच्या रकान्यात दुसरी होती. तिथे ते नुसते लिहीत होते.

मी हॉस्टेलची दोन पत्रं पर्समधून काढली. शपथेवर सांगते, पुरावा म्हणून नेली नव्हती. का नेली होती ते विचारू नका. ती रीतसर दाखल करून घ्यायला आणखी एक तारीख पडली.

न्यायाधीशांनी कागद आणि पत्रं शेजारी धरून बराच वेळ पाहिलं. बाबांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर पकडले गेल्याचा भाव नव्हता, तो मला ओळखता येतो. अगदी थोडं, दुखावल्यासारखं काहीतरी होतं.

निकाल पुढच्या वर्षी लागला. तीन वर्षं सक्तमजुरी आणि दंड. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना तीन वर्षांहून जास्त देताच येत नाही. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असेल आणि माणूस आधीपासून जामिनावर असेल, तर अपील करता यावं म्हणून तेच कोर्ट जामिनावर सोडतं. त्यासाठी त्याच दिवशी जामीनदार उभा करावा लागतो. आत्याचा मुलगा येतो म्हणाला होता, तो वाटेत अडकला होता. कोर्ट उठायला पाऊण तास होता. व्हरांड्यात आई भिंतीला टेकून बसली होती. तरुण वकील घामाघूम होऊन फोन करत होते. शेवटी ते माझ्याकडे आले, घुटमळले आणि म्हणाले, "ताई, म्हणजे... कायद्याने तुम्हीही राहू शकता. हरकत नाही तशी."

मी काही बोलायच्या आत शिपायाच्या शेजारी उभे असलेले बाबा म्हणाले, "तिला कशाला त्रास देताय? तिची सही मला येते."

वकील हसले नाहीत. आईने डोळे मिटून घेतले. शिपायाला काही कळलंच नाही. मला हसू आलं, आवरेना, तोंडावर ओढणी धरून मी भिंतीकडे वळले, आणि पाठीमागून बाबा हसल्याचा आवाज आला. आत्याचा मुलगा तेव्हाच जिना चढून वर आला. आम्ही दोघं का हसतोय हे त्याने विचारलं नाही. कागद कुठे आहेत एवढंच विचारलं.